नंबर नसलेला निरोप

बायकोनं सांगितलेला शब्दन् शब्द ऐकणारा, ऐकलेलं तिलाच परत म्हणून दाखवणारा आणि वर त्याची वहीत नोंद करणारा नवरा मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या समोरचे मास्तर. मास्तर शाळेतले नव्हेत, स्टेशनातले. अख्खी नोकरी असिस्टंट स्टेशन मास्तर म्हणून आडबाजूच्या स्टेशनांवर काढून ते रायपुरात शंकर नगरच्या मागच्या आमच्या गल्लीत घर बांधून राहिले होते. मी सरकारी कचेरीत नकाशे काढत निवृत्त झालो आणि नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या समोरच्या घरात भाड्यानं राहायला आलो. माझं लग्न राहून गेलेलं. कसं राहिलं म्हणाल, तर सांगण्यासारखं काही घडलंच नाही, म्हणून राहिलं. त्यामुळे नवराबायको एकमेकांशी काय बोलतात याचा माझा जो काही अभ्यास आहे तो सगळा समोरच्या घरावर झालेला आहे. सामान लावायच्या पहिल्याच सकाळी मी खिडकीत उभा होतो, तर समोर मास्तर पिशवी घेऊन दारात ताठ उभे आणि आतून वहिनींचा आवाज येत होता, "एक पाव मेथी, सांबाराची एक जुडी, अन् मिरच्या तिखट पायजे." सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. मास्तरांनी खडा आवाज लावला, "एक पाव मेथी, सांबाराची एक जुडी, मिरच्या तिखट. नंबर?" आतून उत्तर आलं, "सत्तेचाळीस." "सत्तेचाळीस," मास्तर म्हणाले, खिशातून छोटी वही काढून त्यांनी काहीतरी लिहिलं, मनगटावरचं घड्याळ पाहून वेळ टाकली आणि मग कुठं त्यांचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं. मला वाटलं, आपण चुकीच्या गल्लीत घर घेतलं.

पुढं ओळख झाल्यावर त्यांनीच मला उलगडून सांगितलं. रेल्वेत एका स्टेशनानं दुसऱ्याला किंवा फाटकवाल्याला फोनवर निरोप द्यायचा, तर नुसतं बोलून भागत नाही. ऐकणाऱ्यानं तो निरोप जसाच्या तसा परत म्हणायचा आणि मग दोघांनी एकमेकांना एकेक दोन आकडी नंबर द्यायचा. त्याला म्हणायचं प्रायव्हेट नंबर. प्रत्येकाकडे अशा उलटसुलट आकड्यांचा छापील कागद असतो. वरून क्रमानं एकेक आकडा द्यायचा आणि दिला की खोडायचा. मनानं आकडा द्यायचा नाही, दिलेला पुन्हा द्यायचा नाही. "नंबर भेटला तर निरोप भेटला," मास्तर बोट वर करून सांगत. "नंबर नाही भेटला तर समजा कोनी काही बोललंच नाही." निवृत्तीनंतर घरी आल्यावर त्यांनी वहिनींसाठी असाच एक कागद सुवाच्य अक्षरात तयार केला होता. तो स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी खिळ्याला टांगलेला असे आणि त्याला दोऱ्यानं पेन्सिल बांधलेली असे. वहिनी फोडणी देता देता डाव्या हातानं आकडा खोडत. कागद संपला की मास्तर नवा करून देत. मी एकदा वहिनींना विचारलं, तुम्हाला याचा वैताग नाही का येत? त्या म्हणाल्या, "कायचा वैताग जी? बाकीच्यायच्या घरी नवरे म्हनतात, तू सांगितलंच नव्हतं. आमच्या घरी तसं म्हनताच येत नाही."

घरात हे ठीक होतं, पण मास्तर हा कायदा गावभर लावत. एकदा मी त्यांच्याबरोबर गोल बाजारात कुलूप घ्यायला गेलो होतो. दुकानदारानं सांगितलं की पितळी कुलूप आज नाही, परवा माल येईल, तुमच्यासाठी एक बाजूला ठेवतो. मास्तरांनी ते सगळं त्याला परत म्हणून दाखवलं आणि नंबर मागितला. त्यानं भाबडेपणानं आपला मोबाइल नंबर सांगायला सुरुवात केली. पहिल्या दोन आकड्यांवर मास्तरांनी हात वर करून त्याला थांबवलं, "बस, बस, दोनच पायजे," असं म्हणून ते लिहून घेतलं आणि निघाले. परवा तो माणूस कुलूप ठेवायला विसरला होता. मास्तरांनी वही उघडून नंबर आणि वेळ दाखवल्यावर त्यानं इतक्या घाबरून शेजारच्या दुकानातून कुलूप आणून दिलं, की मला त्याचीच दया आली. सकाळी शाळेची बस गल्लीतून जाई तेव्हाही मास्तर आपल्या फाटकात उभे राहत. स्टेशनातल्या रीतीप्रमाणे येणारी गाडी एका बाजूनं आणि जाणारी दुसऱ्या बाजूनं नीट न्याहाळायची, चाकातून धूर नाही ना, काही लोंबकळत नाही ना पाहायचं आणि मग हात आडवा धरून हलवायचा. आधी मुलं हसत. मग एक दिवस मास्तरांनी बसच्या मागच्या चाकाचा एक नटबोल्ट ढिला असल्याचं ओरडून सांगितलं आणि तो खरंच ढिला निघाला. तेव्हापासून ड्रायव्हरही खिडकीतून हात काढून त्यांना "ऑल राइट, साहब," म्हणू लागला. आमच्या गल्लीतून एवढ्या शिस्तीनं सुटणारी दुसरी बस रायपुरात नसेल.

जेवायला मात्र त्यांच्या शेजारी बसू नये. तात्यापारा मोहल्ल्यात एका लग्नाच्या पंगतीत मी ही चूक केली. माझ्या पानात वरण येतंय तोवर मास्तर मठ्ठा पिऊन, आपलं पान उचलून हात धुवायला निघाले होते. वाढणाऱ्याला वाटलं, या जागेवर अजून कुणी बसलंच नाही. त्यानं तिथं नवीन पान मांडलं. मी मास्तरांना म्हटलं, इथं काही गाडी येत नाही, सावकाश जेवा. ते ओशाळून हसले. ते म्हणाले, "गाडीचं तर नंतरचं आहे जी. आमच्या घरी आठ पोट्टे होते अन् भाकरी मोजून दहा. जो हळू खाईल त्याले दुसरी भेटतच नव्हती. आता समोर अख्खं लग्न वाढलेलं आहे हे मले समजते, पन हाताले समजत नाही." त्यांचे वडील रेल्वेच्या रुळांवर गिट्टी टाकणाऱ्या टोळीत होते. मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशात आयुष्यभर, अगदी पेन्शन खात्यात येऊ लागल्यावरही, कागदात गुंडाळलेली एक पोळी असे. तेलीबांधा तलावाला चक्कर मारताना ती मी पाहिलेली आहे. कधी खाताना मात्र पाहिलं नाही. संध्याकाळी ती गायीला जाई आणि सकाळी खिशात नवी येई.

पाण्याचंही तेच. पहिली बदली जंगलातल्या एका स्टेशनावर. तिथं पिण्याचं पाणी गाडीनं येत असे आणि नव्या नवरीनं दोन बादल्यांत दिवस काढायचा असे. आता घरात चोवीस तास नळ, तरी मास्तरांच्या घरी पिंप, घागरी, बादल्या, डबे, इतकंच काय, जुने थर्मासही भरलेले. सकाळी सगळं ओतून झाडांना घालायचं आणि पुन्हा भरायचं. वहिनी कुरकुरत, "पाव्हणा आला तर बसवू कुठं? जिथं पाहा तिथं पानीच बसलेलं आहे." पण घागरी भरायला त्याच पुढं असत. त्या जंगलातल्या दिवसांबद्दल दोघं माझ्यासमोर इतकं बोलत, की स्टेशनाच्या मागचं मोहाचं झाड कुठल्या बाजूला होतं हेसुद्धा मी सांगू शकेन. तिथंच एकदा पुढच्या स्टेशनावरून घाईत निरोप आला, की लाइन मोकळी आहे, गाडी सोडा. नंबर न देताच पलीकडच्यानं फोन ठेवला. गाडीत बसलेला कोणी साहेब खाली उतरून ओरडू लागला, नोकरी घालवीन म्हणाला. मास्तर तेव्हा पोरसवदा होते, पण त्यांनी गाडी सोडली नाही. अर्ध्या तासानं कळलं की पुढं लाइनीवर झाड आडवं पडलं होतं. "त्या दिवसापासून," वहिनी म्हणत, "यायच्या डोक्यात तो नंबर बसला तो बसलाच." आणि मास्तर नव्यानं ऐकल्यासारखे मान डोलावत.

मला कळायला उशीर झाला, पण शेजाराच्या त्या शेवटच्या वर्षात मास्तर बरंच काही खरोखरच नव्यानं ऐकत होते. काल आलेला पाहुणा त्यांना आज आठवेना. चहा घेतला होता हे विसरून ते दुसरा मागत. वहिनी ते सगळं सांभाळून घेत आणि बाहेर कुणाला कळू देत नसत. सकाळी उठल्यावर वही उघडून वाचायची, आणि त्यात जे नंबरासकट लिहिलेलं असेल ते खरं धरून दिवस काढायचा, अशी मास्तरांची रीत होऊन बसली होती. डोक्यात राहत नव्हतं ते वहीत राहत होतं.

मग वहिनींना दवाखान्यात ठेवावं लागलं. किरकोळ ऑपरेशन होतं. ऑटोत बसण्यापूर्वी त्या स्वयंपाकघरात परत गेल्या आणि तिथून म्हणाल्या, "दोन दिवसांत येते. तोवर देवाजवळ दिवा लावत जा अन् उपाशी राहू नका." मास्तरांनी सगळं परत म्हटलं. वहिनींनी नंबर दिला, एकतीस. मी त्यांची पिशवी धरून उभा होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातून फोन आला तेव्हाही मी मास्तरांच्या शेजारीच होतो. मास्तरांनी निरोप ऐकला, जसाच्या तसा परत म्हटला आणि विचारलं, "नंबर?" पलीकडची मुलगी गोंधळली. मास्तरांनी पुन्हा विचारलं. तिनं "सॉरी, अंकल," म्हणून फोन ठेवला. मास्तरांनी वहीत निरोप लिहिला, वेळ टाकली आणि नंबराची जागा कोरी सोडली.

पुढचं सगळं रीतसर झालं. विशाखापट्टणमला असणारी त्यांची मुलगी आली, भटजींनी सांगितलं तसं मास्तरांनी सगळं केलं, अग्नी दिला, डोळ्यांना पाणीही आलं. पण चौथ्या दिवशी सकाळी ते वही वाचून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "आज येऊन राहिली ती. दोन दिवसांचं म्हनून गेली होती, जरा जास्तच झाले." मी हळूच सांगितलं. त्यांनी शांतपणे वहीतली दोन्ही पानं माझ्यापुढं धरली. एका पानावर होतं, दोन दिवसांत येते, नंबर एकतीस. दुसऱ्यावर दवाखान्याचा निरोप, नंबर नाही. "तुम्हीच सांगा," ते म्हणाले, "खरं कोन्तं धरू?" त्यानंतर हे रोज झालं. मुलगी रोज सांगे, ते रोज पानं दाखवत. संध्याकाळी दिवा लावत आणि फाटकाशी खुर्ची टाकून गल्लीच्या तोंडाकडे पाहत बसत. मी माझी खुर्ची नेऊन त्यांच्या शेजारी बसे. आम्ही दोघं वहिनींची वाट पाहत असू. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मला आवडत. कुणाची तरी वाट पाहायची संधी मला आयुष्यात तोवर मिळाली नव्हती.

मुलीनं त्यांना डॉक्टरांना दाखवलं, मीही बरोबर होतो. डॉक्टरांनी तीन शब्द सांगितले, केळं, छत्री, घड्याळ, आणि म्हणाले, थोड्या वेळानं विचारीन. मास्तरांनी शब्द परत म्हटले आणि नंबर मागितला. डॉक्टर हसले, नंबर काही दिला नाही. पाच मिनिटांनी विचारलं तर मास्तर म्हणाले, "असा काही निरोप मले भेटला नाही." पण डोंगरगडपासून दुर्गपर्यंतची सगळी स्टेशनं आणि लग्नाआधी पहिल्या स्टेशनावर स्वयंपाक करणाऱ्या माणसाचं नाव त्यांनी न अडखळता सांगितलं. डॉक्टरांनी आम्हाला समजावलं की या दुखण्यात नवं आधी पुसलं जातं. खूप जुनं टिकतं, आणि वर्षानुवर्षं हातानं, तोंडानं केलेलं तर शेवटपर्यंत टिकतं. एकटं ठेवू नका, एवढं मात्र त्यांनी बजावलं. ते आम्हालाही दिसत होतं. आठवड्यात दोनदा दुधाचं पातेलं काळं झालं होतं, एकदा गॅस नुसताच चालू राहिला होता.

मुलीची रजा संपत आली. मास्तर तिच्याबरोबर जायला काही केल्या तयार होईनात. "ती आली अन् दाराले कुलूप दिसलं तर? तिनं जावं कुठं?" मुलगी माझ्या व्हरांड्यात येऊन रडली. तिला मराठी कळतं, पण बोलते हिंदी. "काका, मैं रोज़ बताती हूँ कि माँ नहीं रही। रोज़ मुँह से बोलना पड़ता है। आप ही दे दो ना कोई भी नंबर।" मी गेलो. मास्तरांसमोर उभा राहून म्हटलं, मास्तर, दवाखान्याच्या निरोपाचा नंबर घ्या, बावन्न. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत इतका कोरडा, सरकारी संशय होता, की मी एक पाऊल मागे सरलो. "तुमची शीट कुठं आहे?" त्यांनी विचारलं. "मनानं नंबर देता काय?"

मी स्वयंपाकघरात गेलो. कॅलेंडरशेजारी वहिनींचा कागद तसाच होता. एकतीसवर पेन्सिलीची रेघ. त्याच्या खालचा आकडा त्रेसष्ट. तो कागद मी खिळ्यावरून काढला, बाहेर येऊन मास्तरांच्या हातात दिला आणि म्हटलं, "निरोप घ्या. वहिनी दवाखान्यात वारल्या. त्या आता परत येणार नाहीत." मास्तरांनी कागद पाहिला, अक्षर ओळखलं. मग सवयीनं ताठ झाले आणि म्हणाले, "ती दवाखान्यात वारली. ती आता परत येनार नाही. नंबर?" मी म्हटलं, "त्रेसष्ट." "त्रेसष्ट," ते म्हणाले. वही उघडून त्यांनी कोरी जागा भरली, घड्याळ पाहून वेळ टाकली. त्या दिवशी ते फाटकाशी बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलीबरोबर जायला तयार झाले. मी फार शहाणपणाचं काम केलं असं सगळे म्हणाले. मुलीनं माझे पाय धरले. आणि मी घरी येऊन दार लावून घेतलं. एका माणसाची बायको मी माझ्या तोंडानं मारली असं मला वाटत होतं, अजूनही वाटतं. शिवाय, ज्याच्या शेजारी मी रोज खुर्ची टाकत होतो तो माणूसही मीच गाडीत बसवून दिला होता.

मुलगी सांगते की तिकडे ते बरे आहेत. सकाळी वही उघडतात, ते पान वाचतात, मग चहा मागतात. रोज. आता ते कुणाला काही विचारत नाहीत. मी दर रविवारी फोन करतो. पहिल्या महिन्यात मास्तर मला आवाजावरून ओळखत, मग नाव सांगितल्यावर ओळखत, मग "हव, हव," म्हणत, पण कोण ते त्यांना कळलेलं नसे. आता मी दर रविवारी नव्यानं ओळख करून देतो. ते अनोळखी प्रवाशाशी बोलावं तसं अदबीनं बोलतात. जंगलातल्या स्टेशनाच्या गोष्टी मला पहिल्यांदा सांगाव्या तशा सांगतात. मोहाचं झाड स्टेशनाच्या मागं डाव्या हाताला होतं, हे अजून त्यांना पक्कं ठाऊक आहे. आमच्या नऊ वर्षांतलं काही राहिलेलं नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मास्तरांच्या आयुष्यात मी फार उशिरा आलो, माझ्या आयुष्यात मात्र त्यांच्याआधी फारसं काही नव्हतं.

मागच्या रविवारी त्यांनी विचारलं, "तुम्ही एकटेच राहता काय जी?" मी हो म्हटलं. ते मायेनं म्हणाले, "मंग रायपूरले काहून येत नाही? आमचं घर आहे तिथं, शंकर नगरच्या मागं. बायको आहे, दोन घास तुमच्यासाठी जास्तीचे टाकून देईल." आणि मग फोनवर वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. बहुधा सकाळचं पान आठवलं असावं. मी खिडकीशी उभा होतो, समोर त्यांच्या दाराचं पितळी कुलूप दिसत होतं. थोड्या वेळानं त्यांचा आवाज परत आला, जरा बसलेला, "तरी या तुम्ही. आमच्या समोरच एक घर रिकामं आहे, भाड्यानं भेटून जाईल. मी सांगून ठेवतो तुमच्यासाठी." त्याच घरात उभा राहून मी म्हटलं, ठेवा सांगून.